संख्यांचे प्रकार: आधी प्रश्न, मग नाव



शिष्यवृत्तीचं कुठलंही मार्गदर्शक पुस्तक उघडा. पहिल्या काही पानांतच ‘संख्यांचे प्रकार’ असा तक्ता सापडतो. नैसर्गिक, पूर्ण, सम, विषम, मूळ, संयुक्त, जोडमूळ, सहमूळ, त्रिकोणी, वर्ग... पुढे सहावीत पूर्णांक येतात, सातवी-आठवीत परिमेय आणि अपरिमेय, नववीत वास्तव. मुलं हा तक्ता पाठ करतात. ‘शून्य ही नैसर्गिक संख्या आहे का?’ असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात ‘नाही’ म्हणतो. पण ‘पूर्णांक संख्या कशाला लागल्या? पूर्ण संख्यांनी काय भागत नव्हतं?’ असं विचारून बघा. वर्ग शांत होतो.

मी पंढरपूर तालुक्यातल्या एका शाळेत पाचवी ते सातवीला गणित शिकवते. माझा अनुभव असा, की ‘मला गणित येत नाही’ हे वाक्य मूल पहिल्यांदा बेरीज-वजाबाकीत म्हणत नाही. प्रश्न न कळताच एखादं नवीन नाव अंगावर येतं, तेव्हा ते म्हणतं. अपूर्णांक, ऋण संख्या आणि अपरिमेय संख्या ही अशी तीन ठिकाणं. म्हणून आजच्या लेखात एकच सूत्र धरू या: प्रत्येक नवीन प्रकारची संख्या म्हणजे आधीच्या संख्यांना न सुटलेल्या एका प्रश्नाचं उत्तर. मुलाला आधी तो प्रश्न भेटू द्या, नाव नंतर सांगा.

१. मोजणं, क्रम आणि नुसतं नाव

सगळ्यात पहिला प्रश्न ‘किती?’ हा. दिंडीत वारकरी किती, टोपलीत बोरं किती, वर्गात मुलं किती. याचं उत्तर १, २, ३, ४... या नैसर्गिक संख्या देतात. पण इथेच थोडं थांबा. तोच अंक तीन वेगळी कामं करतो आणि लहान मुलांचा गोंधळ तिथून सुरू होतो.

• ‘पाच टाळ’ यातला ५ किती ते सांगतो.
• ‘पाचवा वारकरी’ यातला ५ कितवा ते सांगतो.
• पंढरपूरचा पिनकोड ४१३३०४. हा आकडा किती सांगत नाही आणि कितवाही सांगत नाही. ते पत्त्याचं नाव आहे. दोन गावांच्या पिनकोडची बेरीज करून काही अर्थ निघत नाही.

पहिली-दुसरीच्या मुलांना एसटीवरचे, दुकानाच्या पाटीवरचे, कॅलेंडरवरचे आकडे गोळा करायला सांगा. मग ‘किती, कितवा की नाव?’ असे तीन गट पाडायला लावा. अर्ध्या तासाचा खेळ आहे, पण पुढे फार उपयोगी पडतो.

२. शून्य: जागा राखणारा आणि स्वतः संख्या असणारा

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. तो सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत दिलेल्या गायींचे आणि नाण्यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. गंमत अशी की त्यात शून्य नाही. दहासाठी वेगळं चिन्ह, शंभरासाठी वेगळं, हजारासाठी वेगळं. सतरा लिहायचे तर दहाचं चिन्ह काढून शेजारी सातचं चिन्ह. आकडा जसजसा मोठा होईल तसतशी नवी चिन्हं लागणार.

शून्यानं ही अडचण सोडवली. २०५ मध्ये दशकाची जागा रिकामी आहे हे शून्य सांगतं, त्यामुळे दहाच चिन्हांत कितीही मोठी संख्या लिहिता येते. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरात इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. त्यात २७० हा आकडा आज आपण लिहितो तसाच शून्यासह लिहिलेला आहे.

पण शून्याचं दुसरं काम जास्त महत्त्वाचं. ‘पाच लाडू होते, पाचही खाल्ले, किती उरले?’ या प्रश्नाला नैसर्गिक संख्यांत उत्तरच नाही. शून्याला संख्या मानलं तरच उत्तर मिळतं. नैसर्गिक संख्यांमध्ये शून्य मिळवलं की पूर्ण संख्या तयार होतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत नैसर्गिक संख्या १ पासून धरतात. काही ठिकाणी त्या ० पासूनही धरतात. हा ठरवण्याचा भाग आहे. मोठ्या मुलांना तसं मोकळेपणानं सांगावं.

३. शून्याच्या खाली: उजनीचं ‘मायनस’

सहावीत पूर्णांक संख्या शिकवताना एका मुलीनं विचारलं, “मॅडम, शून्य म्हणजे काहीच नाही. मग काहीच नाही त्याच्यापेक्षा कमी कसं असंल?” दोन-चार मुलं हसली. पण हा प्रश्न अगदी खरा आहे. भास्कराचार्यांनीही बाराव्या शतकात ‘बीजगणित’ ग्रंथात एका उदाहरणाची ५० आणि –५ अशी दोन उत्तरं काढली आणि ऋण उत्तर लोकांना मान्य होत नाही म्हणून बाजूला ठेवलं. युरोपातल्या गणितज्ञांना तर ऋण संख्या पचायला आणखी कितीतरी शतकं लागली. तेव्हा बारा वर्षांच्या मुलीला ते खटकलं तर ती विचार करतेय असं समजा.

उत्तर मागच्या बाकावरून आलं. “अगं, उजनी नाय का मायनसमधी जात!”

सोलापूर जिल्ह्यातल्या शिक्षकांना यापेक्षा चांगलं उदाहरण शोधायची गरज नाही. उजनी धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट. त्यातलं तळाचं सुमारे ६३.६६ टीएमसी पाणी म्हणजे मृतसाठा. त्याच्या वरचं ५३.५७ टीएमसी म्हणजे उपयुक्त साठा. वर्तमानपत्रात येणारी टक्केवारी या उपयुक्त साठ्याची असते. धरण ‘० टक्के’ झालं म्हणजे कोरडं पडलं असं नव्हे. तळाचं ६३.६६ टीएमसी पाणी अजून तिथंच आहे. तेही वापरायला लागलो की टक्केवारी शून्याखाली जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात ती वजा ६० टक्क्यांच्या जवळ गेली होती.

आता फळ्यावर हे गणित करून घ्या. साठा –५० टक्के असेल तर धरणात पाणी किती?

५३.५७ चे ५० टक्के = सुमारे २६.८ टीएमसी
६३.६६ – २६.८ = सुमारे ३६.९ टीएमसी

म्हणजे ‘वजा पन्नास’ असतानाही धरणात जवळजवळ ३७ टीएमसी पाणी आहे! मुलांना इथे एक मोठी गोष्ट कळते. शून्य कुठे ठेवायचं हे आपण ठरवतो आणि ऋण संख्या त्या ठरवलेल्या जागेच्या खालची बाजू सांगते. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तरही हेच. इथलं शून्य म्हणजे ‘काहीच नाही’ असं नाही. ती मोजायला सुरुवात करायची खूण आहे.

याच उदाहरणातून आणखी दोन अडचणी सुटतात.

पहिली अडचण: ‘–६० मोठी की –२० मोठी?’ बरीच मुलं –६० म्हणतात, कारण त्यांना ६० दिसतात. त्यांना विचारा, कोणत्या दिवशी धरणात पाणी जास्त होतं? उत्तर लगेच येतं.

दुसरी अडचण: पावसाळ्याआधी –६०, नंतर +२०. साठा किती टक्क्यांनी वाढला? ८०. म्हणजे २० – (–६०) = ८०. ‘वजा वजा अधिक’ हा नियम घोकण्याआधी मुलानं तो पाण्यात पाहिलेला असतो.

दिशेची कल्पना देण्यासाठी वारीचंही उदाहरण घेता येतं. माउलींच्या पालखी सोहळ्यात काही दिंड्या रथापुढे चालतात, काही रथामागे आणि दोन्हीकडे क्रमांक असतात. तुमचा नातेवाईक नुसतं ‘पाच नंबरच्या दिंडीत आहे’ म्हणाला तर सापडणार नाही. रथापुढची पाच की रथामागची पाच, हे सांगावं लागतं. संख्येला बाजूही लागते, ती अशी. +५ आणि –५ मधलं चिन्ह तेच काम करतं.

आणि शब्दच बघा ना. धन आणि ऋण! ब्रह्मगुप्तानं इ.स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धांत’ ग्रंथात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे आणि गुणाकाराचे नियम दिले. धन म्हणजे जवळची संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. सोसायटीचं कर्ज काय असतं हे शेतकऱ्याच्या घरच्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही. पाचशेचं कर्ज माफ झालं म्हणजे पाचशे मिळाल्यासारखंच. ऋण काढून टाकलं की धन वाढतं.

४. वाटणी: अपूर्णांक आणि परिमेय संख्या

तीन भाकरी, चार माणसं. प्रत्येकाला किती? पूर्णांकांत उत्तर नाही. म्हणून अपूर्णांक आले.

आपली मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द घरात रोज वापरले जातात. जुन्या पिढीनं तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे पाढे पाठ केले होते. औट म्हणजे साडेतीन. तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना सवायकी म्हणायला सांगा. नातवंडांना कळेल की ३/४ ही पुस्तकातली नवीन आपत्ती नाही, आपण जिला ‘पाऊण’ म्हणतो तीच ही.

आता ‘परिमेय’ या नावाकडे येऊ. शब्द अवघड वाटतो, पण ‘परिमाण’ आणि ‘परिमेय’ एकाच घरातले. ज्याचं माप दोन पूर्णांकांच्या भागाकारात सांगता येतं ते परिमेय. भागणारी संख्या फक्त शून्य नसावी. ३/४ परिमेय आहे, –५/२ परिमेय आहे. आणि ७? तोही आहे, कारण ७ = ७/१. मुलांना वाटतं की परिमेय म्हणजे मधे रेघ असलेली संख्या. तसं नाही. रेघ मारता येते का, ते महत्त्वाचं.

दशांश रूपात काय होतं तेही दाखवा. १०० रुपये तिघांत वाटा. प्रत्येकी ३३.३३ दिले तरी बेरीज ९९.९९ होते. एक पैसा उरतोच. कारण १/३ = ०.३३३... आणि तो तीन कधी संपत नाही. १/७ करून बघा: ०.१४२८५७१४२८५७... सहा अंकांचा तोच गट पुन्हा पुन्हा येतो. परिमेय संख्येचं दशांश रूप एक तर संपतं, नाहीतर त्यात एखादा गट असा फिरत राहतो. हे ‘का’ होतं तेही मुलांना कळू शकतं. ७ नं भागताना बाकी १ ते ६ यांपैकीच असणार. सहा वेळांनंतर कुठलीतरी बाकी परत येणारच. बाकी परत आली की पुढचे अंकही परत येणार.

५. जे माप रेघेत बसत नाही: अपरिमेय संख्या

इथे कागद आणि कात्री घ्या. १० सेंमी बाजूचे दोन चौरस कापा. प्रत्येक चौरस कर्णावर कापला की चार त्रिकोण मिळतील. चारही काटकोन मध्यभागी आणून जोडा. एक मोठा चौरस तयार होतो. दोन चौरसांचा मिळून एक झाला, म्हणजे क्षेत्रफळ दुप्पट. आणि त्याची बाजू म्हणजे लहान चौरसाचा कर्ण.

मोजा. पट्टीवर १४.१ सेंमीच्या आसपास येईल. आता १० सेंमीलाच ‘१’ धरू. मग मोठ्या चौरसाचं क्षेत्रफळ २. त्याची बाजू किती? जिचा वर्ग २ येतो ती संख्या कोणती?

१.४१ चा वर्ग १.९८८१. थोडा कमी.
१.४२ चा वर्ग २.०१६४. थोडा जास्त.
१.४१४ चा वर्ग १.९९९३९६. अजून कमीच.
१.४१५ चा वर्ग २.००२२२५. जास्त.

मुलांना हा पाठलाग करू द्या. प्रत्येक वेळी जवळ जातो, पण पोहोचत नाही. शुल्बसूत्रांच्या काळातही यज्ञवेदी बांधताना हाच प्रश्न आला होता. त्यांनी दिलेलं माप आजच्या रीतीनं लिहिलं तर ५७७/४०८ होतं, म्हणजे १.४१४२१५... खरी किंमत १.४१४२१३... पाच दशांश स्थळांपर्यंत बरोबर!

मग कधीतरी नेमका अपूर्णांक सापडेल का? नाही. का ते आठवीच्या मुलाला पाच ओळींत सांगता येतं.

समजा √२ = अ/ब आहे आणि हा अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात आहे.
मग अ चा वर्ग = २ × ब चा वर्ग. म्हणजे अ चा वर्ग सम, म्हणून अ सम.
अ सम आहे तर अ = २क लिहू. मग ब चा वर्ग = २ × क चा वर्ग. म्हणजे ब सुद्धा सम.
दोन्ही सम असतील तर दोघांना २ नं भाग जातो.
पण आपण तर अतिसंक्षिप्त रूप घेतलं होतं! म्हणून असा अपूर्णांक असूच शकत नाही.

बघा, पाचवीतली सम-विषम संख्या इथे आठवीत येऊन केवढं काम करते. डोळ्यांसमोर, कागदावर असलेली ही लांबी आहे, पण दोन पूर्णांकांच्या भागाकारात ती मावत नाही. म्हणून ती अपरिमेय. परिमेय आणि अपरिमेय मिळून वास्तव संख्या. संख्यारेषेवरचा प्रत्येक बिंदू आता भरला.

गणितातल्या ‘पाय’बद्दलही एक सूचना. वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, म्हणजे पाय. आपण उदाहरणं सोडवताना २२/७ घेतो आणि मुलं समजतात की पाय म्हणजेच २२/७, म्हणजे परिमेय. २२/७ = ३.१४२८५७... आणि पाय = ३.१४१५९२... दुसऱ्या दशांशानंतरच फरक पडला. आर्यभटानं इ.स. ४९९ मध्ये ३.१४१६ ही किंमत देताना तिला ‘आसन्न’, म्हणजे जवळची, असं म्हटलं होतं. पाय अपरिमेय आहे हे लँबर्टनं अठराव्या शतकात सिद्ध केलं. फळ्यावर ‘पाय = २२/७’ ऐवजी ‘पाय सुमारे २२/७’ असं लिहा. एका शब्दानं पुढचा गोंधळ वाचतो.

६. दोन तक्ते वेगळे करा

आता मुख्य सूचना. मार्गदर्शक पुस्तकं सगळे प्रकार एकाच यादीत देतात. त्यामुळे मुलांना वाटतं की संख्या एक तर पूर्णांक असते, नाहीतर सम, नाहीतर मूळ. खरं म्हणजे इथे दोन वेगळे तक्ते आहेत.

पहिला तक्ता डब्यात डबा. सगळ्यात आत नैसर्गिक, त्याबाहेर पूर्ण, त्याबाहेर पूर्णांक, त्याबाहेर परिमेय. परिमेय आणि त्याशेजारी अपरिमेय मिळून सगळ्यात मोठा डबा वास्तव संख्यांचा. आतल्या डब्यातली संख्या बाहेरच्या प्रत्येक डब्यात असतेच. पंढरपूरचा माणूस सोलापूर जिल्ह्यातला असतो, महाराष्ट्रातला असतो आणि भारतातलाही असतो, तसं.

दुसरा तक्ता स्वभावाचा. सम, विषम, मूळ, संयुक्त, वर्ग, त्रिकोणी हे संख्यांचे गुण आहेत. एकाच संख्येत अनेक गुण असू शकतात.

उदाहरणाला आपल्या पंढरपूरचीच संख्या घेऊ. विठुराया अठ्ठावीस युगं विटेवर उभा आहे असं आपण मानतो. २८ ही नैसर्गिक आहे, म्हणून पूर्ण, पूर्णांक, परिमेय आणि वास्तवही आहे. हा झाला पहिला तक्ता. दुसऱ्या तक्त्यात ती सम आहे आणि संयुक्त आहे. १ ते ७ ची बेरीज २८, म्हणून त्रिकोणी आहे. शिवाय तिचे स्वतःहून लहान विभाजक १, २, ४, ७, १४. त्यांची बेरीज करा: २८! अशा संख्येला परिपूर्ण संख्या म्हणतात. पहिली ६, दुसरी २८, तिसरी थेट ४९६ आणि चौथी ८१२८.

७. संख्यांना नावं देणारे देवळालीचे मास्तर

स्वभावाचे प्रकार कोण ठरवतं? ज्याला प्रश्न पडतो तो. आणि याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्यातलाच एक शिक्षक आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणू. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक. पदव्युत्तर शिक्षण नाही, विद्यापीठात पद नाही. आकड्यांशी खेळता खेळता त्यांना प्रश्न पडत गेले आणि त्या प्रश्नांतून संख्यांचे नवे प्रकार तयार झाले.

• अंकांच्या बेरजेनं स्वतःला भाग जातो का? १०८ घ्या, तुळशीच्या माळेतले मणी. १ + ० + ८ = ९ आणि १०८ ÷ ९ = १२. भाग गेला. अशा संख्यांना त्यांनी हर्षद म्हटलं, म्हणजे आनंद देणाऱ्या.
• वर्ग करून त्याचे दोन तुकडे जोडले तर तीच संख्या मिळते का? ४५ चा वर्ग २०२५, आणि २० + २५ = ४५. या कापरेकर संख्या.
• १५ मध्ये तिचेच अंक मिळवले तर १५ + १ + ५ = २१. मग अशी एखादी संख्या आहे का, जी कुठल्याच संख्येत तिचे अंक मिळवून बनत नाही? २० करून बघा. बनत नाही. अशा संख्यांना त्यांनी आपल्या गावाचं नाव दिलं: देवळाली संख्या.

आणि त्यांचा १९४९ सालचा प्रसिद्ध शोध, ६१७४. चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लिहा, चढत्या क्रमानं लिहा, वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. आपल्या पिनकोडचे शेवटचे चार अंक घेऊ, ३३०४:

४३३० – ०३३४ = ३९९६
९९६३ – ३६९९ = ६२६४
६६४२ – २४६६ = ४१७६
७६४१ – १४६७ = ६१७४

जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच, आणि एकदा आली की पुन्हा तीच येत राहते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात कापरेकरांवर लिहिलं आणि देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं. तिसरी-चौथीच्या मुलांना वजाबाकीचा सराव हवाय ना? वीस कंटाळवाण्या उदाहरणांऐवजी हे द्या. मुलं स्वतःहून पन्नास वजाबाक्या करतात.

८. नेहमी अडणाऱ्या जागा

• १ मूळ का नाही? मूळ संख्येला बरोबर दोन विभाजक हवेत, १ ला एकच आहे. शिवाय १ ला मूळ मानलं तर १२ = २ × २ × ३ च्या मागे कितीही वेळा १ लावता येईल आणि प्रत्येक संख्येचे मूळ अवयव एकाच तऱ्हेने पडतात हा नियम मोडेल.
• शून्य सम का? २ नं भागल्यावर बाकी उरत नाही. संख्यारेषेवरही ते दोन विषम संख्यांच्या, –१ आणि १ च्या, मधे आहे.
• √४ अपरिमेय का नाही? कारण √४ = २. वर्गमूळाचं चिन्ह बघून ठरवू नका, किंमत बघा.
• ६/३ कोणत्या डब्यात? किंमत २, म्हणजे सगळ्यात आतल्या डब्यात. संख्या तीच, फक्त लिहिण्याची पद्धत वेगळी.

९. पालकांसाठी

घरी तक्ता म्हणून घेऊ नका. त्याऐवजी जेवताना एखादा प्रश्न टाका.

• आज उजनी किती टक्के? शून्याच्या वर की खाली?
• पाऊण किलो आणि सव्वा किलो मिळून किती?
• घरातल्या चौकोनी फरशीचा कर्ण मोजशील? बाजूच्या किती पट आला?
• आज्जीचं वय हर्षद आहे का?

उत्तर चुकलं तर लगेच दुरुस्त करू नका, ‘कसं काढलंस?’ एवढंच विचारा. आणि तुम्हाला स्वतःला आठवीत अपरिमेय संख्या कळल्या नसतील, तर मुलाशेजारी बसून ते दोन चौरस तुम्हीही कापा. ‘आमच्या घराण्यातच गणित नाही’ हे वाक्य मात्र मुलासमोर बोलू नका. आपण सहज बोलून जातो, पण मूल ते खरं मानतं.

शिक्षकांना एवढीच विनंती, की पुढच्या आठवड्यात संख्यांचा जो प्रकार शिकवणार असाल त्याचं नाव पहिल्या दिवशी फळ्यावर लिहू नका. आधी त्याचा प्रश्न लिहा आणि मुलांना त्यावर थोडं अडू द्या. ‘आता ह्याला काय म्हणायचं, मॅडम?’ असं कुणीतरी विचारेलच. नाव सांगायची वेळ तीच.